पत्रकाची शेवटची ओळ

आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट बोलून सांगत नाहीत, लिहून देतात. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागांवर घालवली आणि मागांनी त्यांचे कान खाल्ले, आता त्यांना ऐकू येत नाही. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात एकदा माग सुरू झाले की शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं खुणांनी बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, प्रत्येकाची खूण वेगळी. आमची नवागामची गल्ली अशा माणसांनीच भरलेली आहे, त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून बोलतो आणि पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय.

रोजचं बोलणं खुणांवर आणि ओठांवर भागतं. लग्नाची बोलणी, दवाखान्याचा रिपोर्ट, कुणाशी झालेला खरा तंटा, असलं काही असलं की आप्पा हात पुढे करतात आणि आम्ही कागद लिहून देतो. तो कागद म्हणजे जुन्या पत्रकाची कोरी बाजू.

पत्रकं आप्पांनीच काढलेली, खात्यांतल्या कामगारांच्या मागण्यांची. लिंबायतमधल्या एका लहानशा छापखान्यात एका बाजूनं छापून घ्यायची आणि पाळी सुटायच्या वेळी खात्यांच्या दारात वाटायची. वाटून उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असत. मी महापालिकेच्या मराठी शाळेत जाऊ लागले त्याच्या आधी त्या गठ्ठ्यांवर अक्षरं शिकले. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य ‘पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण हवे’ हे होतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारी ओट्यावर उभं राहून पत्रक मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलं. विषय कुठलाही असो, शेवटची ओळ ठरलेली होती: वाचा, वाचून दाखवा, छापा, फुकट पुढे द्या. तिच्याखाली छापखान्याचं नाव, आप्पांचं नाव आणि आमच्या खोलीचा पत्ता.

ती ओळ मला गाण्याच्या धृपदासारखी पाठ झाली. त्यामुळेच पुढचा घोटाळा झाला.

दोन वर्षं खपून मी गल्लीवर एक पुस्तक लिहिलं. मागावरचे पुरुष आणि घरी बसून साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बायका, एवढाच त्याचा ऐवज. छापायला कुणी तयार होईना, म्हणून मी ते एका ऑनलाइन दुकानात ठेवलं. वाचकानं किंमत भरायची आणि मोबाइलवर वाचायचं. किंमत दोन चहांएवढी होती, पण होती. आप्पांना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“पत्रक इकतस का कोणी?”

पत्रक कुणी विकतं का, असं विचारत होते. मी कागदावर लिहिलं, ‘हे पत्रक नाही, पुस्तक आहे. मेहनतीचा दाम मागायला तुम्हीच शिकवलंत.’ शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली. त्यांनी वाचलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दोन दिवस माझा कुठलाही कागद हातात घेतला नाही.

तरी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी आप्पांची ओळ घातलीच. तिच्यावाचून मला लेखन पुरं झाल्यासारखं वाटत नाही. फक्त ‘फुकट’ शब्द गाळला. पहिल्या पानावर किंमत आणि शेवटच्या पानावर फुकट, हे हास्यास्पद दिसलं असतं. मग ओळ अशी राहिली: वाचा, वाचून दाखवा, छापा, पुढे द्या. पुस्तक विकायला ठेवून त्याच पुस्तकात सगळ्या जगाला ते छापायची परवानगी देणारी लेखिका दुसरी कुणी असेल असं मला वाटत नाही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्याकडे लिहिलेल्या कागदाच्या शेवटी तेच असतं.

माझ्या मायला वाचता येत नाही. तिच्यासाठी मी एकेक प्रकरण माझ्या आवाजात वाचून व्हिडिओच्या एका संकेतस्थळावरच्या माझ्या चॅनलवर टाकलं, तिथे कसली किंमत नव्हती. त्या चॅनलवर आधीपासून गल्लीतल्या बायकांचं बोलणंही होतं. पुस्तक लिहिताना मी त्यांच्याकडून जे जे ऐकलं ते मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं. त्यात शेजारची मावशी होती. माय आणि ती धुळ्याकडच्या एकाच गावातून लग्न होऊन इथे आलेल्या, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिलेल्या. मावशी मागच्या वर्षी गेली. ज्या मोबाइलवर तिचा आवाज घेतला होता तो पाण्यात पडून मेला. तिचं बोलणं, तिच्या शिव्या, मधेच येणारं तिचं हसू आता त्या चॅनलशिवाय कुठेच नव्हतं. माय रोज दुपारी खडे चिकटवायला बसली की आधी मावशीला लावायची आणि मग माझं प्रकरण. आजूबाजूच्या चार-पाच जणी आपापल्या साड्या घेऊन आमच्याकडे येत. मायचा हात चालू असे आणि मधेच ती मोबाइलकडे बघून, “खोटं बोलस व तू,” असं मावशीला सुनावत असे.

एका दुपारी ती मला हाक मारत आतल्या खोलीत आली.

“बंद पडनं व. देख.”

मी पाहिलं. माझी तीन प्रकरणं काढून टाकलेली होती आणि तिथे इंग्रजीत सूचना आली होती. पुस्तकं वाचून ऐकवणाऱ्या एका कंपनीनं तक्रार केली होती की हा मजकूर त्यांच्या ऐकायच्या पुस्तकातला आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय वापरला आहे. एकाच आठवड्यात तीन तक्रारी झाल्या होत्या, म्हणून नियमाप्रमाणे सात दिवसांनी माझं चॅनल कायमचं पुसलं जाणार होतं. माझी प्रकरणं तर जाणार होतीच, त्यांच्याबरोबर सगळंच जाणार होतं. तोवर ते झाकून ठेवलं होतं, आतलं काही ऐकताही येत नव्हतं आणि उतरवूनही घेता येत नव्हतं. मी बटणं दाबून पाहिली, ती करडी होऊन पडली होती.

“मावशी पण जाईल?” मायनं विचारलं.

मी हो म्हणाले. ती बाहेर जाऊन पुन्हा साडीवर खडे चिकटवत बसली. बायकांपैकी कुणीतरी विचारलं, “आज लावत नाही का?” तर ती म्हणाली, “चार्जिंग नही.”

मी कंपनीचं दुकान उघडलं. माझं पुस्तक तिथे होतं, माझ्याच नावानं. एका बाईनं छान घोटीव आवाजात वाचलेलं. आमचं अहिराणी बोलणं आलं की ती जरा अडखळत होती. ऐकण्यासाठी महिन्याची वर्गणी भरावी लागत होती. दोन तास प्रयत्न करून मला तिथल्या एका मुलीशी फोनवर बोलता आलं. आवाजावरून माझ्याच वयाची असावी.

“मॅम, तुमच्या बुकच्या लास्ट पेजवर तुम्हीच लिहिलंय. वाचून दाखवा, पुढे द्या. आम्ही वाचून दाखवलं, पुढे दिलं.”

“पैसे घेऊन?”

“पैसे घेऊ नका असं कुठे लिहिलंय, मॅम?”

मी विषय बदलला.

“आणि माझीच प्रकरणं काढायची तक्रार?”

“ती आमची लीगल टीम करते. आमच्या टायटलचा मजकूर दुसरीकडे फ्री दिसला की तक्रार जाते.”

“दुसरीकडे म्हणजे माझ्याकडे!”

“मॅम, तुम्ही मेल करा ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी दया होती. त्या दयेनं मी जास्त पेटले. मी तिला चोर म्हणाले, दलाल म्हणाले, गुजरातीत आणि हिंदीतही काही म्हणाले. ती पगारावर काम करणारी मुलगी होती. पत्रकांत वाढलेल्या मला तेवढं तरी कळायला हवं होतं. फोन ठेवल्यावर कळलं.

मग मी उत्तर लिहायला बसले. तक्रारीला हरकत घेण्यासाठी एक अर्ज होता. मी पहिला मसुदा लिहिला: शेवटच्या पानावरची ओळ चुकून राहिली आहे, ती ग्राह्य धरू नये, सर्व हक्क माझ्या स्वाधीन आहेत. लिहून झाल्यावर मी तो पुन्हा वाचला आणि माझा मलाच राग आला. चुकून? शाळेपासून जी ओळ मी ओट्यावरून ओरडत आले ती चुकून? ‘सर्व हक्क स्वाधीन’ हे शब्द मी टवाळीनं उच्चारायचे. कॉलेजात एका वादात मी म्हणालेही होते की शब्दाला कुंपण घालणारा लेखक आणि पाण्याच्या टाकीला कुलूप लावणारा शेठ यांच्यात फरक नाही. आता मीच कुलूप शोधत होते आणि ते सापडलं नाही तर मावशीचा आवाज जाणार होता. दोन दिवस मी तो मसुदा पाठवलाही नाही, फाडलाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी हात पुढे केला. घरात काहीतरी बिनसलंय हे त्यांना बायकांच्या तोंडांवरून दिसत होतं. दुपारी गर्दी येत होती, पण कुणी हसत नव्हतं.

मी खाटेखालचं एक पत्रक ओढलं आणि पाठीवर सगळं लिहिलं. सूचना मराठीत उतरवली, फोनवरचं बोलणं लिहिलं, माझा मसुदाही लिहिला. पान भरलं तसं दुसरं घेतलं. आप्पा खात्यातली नोटीस वाचायचे तसं वाचत होते, हातात पेन्सिल, एकेका ओळीखाली टोक सरकवत. माझ्या मसुद्यापाशी पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. कागद उलटा केला. मागच्या बाजूला त्यांचं जुनं पत्रक होतं, मागाच्या आवाजापासून बचावासाठी कानात घालायला काहीतरी द्या अशी मागणी करणारं. त्याची शेवटची ओळ त्यांनी बोटानं दाखवली, मग माझ्या पुस्तकातली मी उतरवून दिलेली ओळ दाखवली.

“फुकट कोठे गया?”

मी लिहिलं, ‘मी काढला. किंमत लावली होती म्हणून.’

मला वाटलं आता ऐकावं लागणार. मी त्याला तयार होते. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. शब्द त्यांचा होता, मी माझ्या सोयीनं काढला होता आणि तिथूनच कंपनी आत शिरली होती. पण आप्पांनी कागद मांडीवर ठेवला. मायनं चहा आणला. तो त्यांनी बशीत ओतून प्यायला, मिशा पुसल्या आणि पुन्हा पेन्सिल घेतली. या वेळी ते कंपनीची तक्रार वाचत होते. ती त्यांनी दोनदा वाचली.

“बरं,” ते म्हणाले. कान गेल्यापासून आप्पांना स्वतःचा आवाज मोजता येत नाही, त्यामुळे ते अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. “फुकट तू काढं. ते पैसा लेतस, लेऊ दे. पण आडावानं कोठे लिखेल शे?”

दुसऱ्याला अडवायचं कुठे लिहिलंय, असं ते विचारत होते आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी पेन्सिलीनं माझ्या ओळीतल्या एकेका शब्दाला ठोका दिला. वाचा. वाचून दाखवा. छापा. पुढे द्या. “चार कामं सांगेल शेतस. आडवा, असं पाचवं काम शे का त्यामा?”

नव्हतं. परवानगी सगळ्यांना दिली होती, म्हणजे कंपनीलाही होती आणि कंपनीशिवाय बाकीच्यांनाही. दिलेली वस्तू पुढे द्यायची मुभा मिळाली म्हणून दुसऱ्याच्या हातातून ती काढून घ्यायचा हक्क कुणालाच मिळत नाही. आणि ज्या बाईनं ती दिली तिच्याच हातातून तर नाहीच. मी तीन दिवस त्या ओळीला खड्डा समजून बुजवायला धावत होते. ती ओळ तशीच ठेवून, तिच्यावरच उभं राहून उत्तर देता येत होतं.

मी मसुदा फाडला. नवा अर्ज पाच वाक्यांचा झाला: हे पुस्तक मी लिहिलं आहे. त्यातली प्रकरणं माझ्या आवाजात मीच वाचली आहेत. पुस्तक वाचायची, वाचून दाखवायची, छापायची आणि पुढे द्यायची परवानगी मी सगळ्यांना दिली आहे, तक्रारदारांनाही. दुसऱ्या कुणाला थांबवण्याचा हक्क मी कुणालाही दिलेला नाही. तशी माझी सही असलेला कागद तक्रारदारांकडे असल्यास त्यांनी तो दाखवावा.

खाली नाव आणि राहता पत्ता भरायचा होता. तो तक्रारदारांना कळवला जाईल, असं तिथे लिहिलं होतं. मी थबकले. मायनं विचारलं काय झालं. मी सांगितलं.

“मंग टाक ना. घाबरस काय?” ती म्हणाली. “तुना बाप आठला पत्ता छापे. शेठना लोके उनात दारमा. मी पाणी दिधं त्यासले. पीसन चालना गयात.”

आप्पा पत्रकावर इथलाच पत्ता छापायचे, शेठची माणसं दारात आली, हिनं पाणी दिलं, पिऊन निघून गेली. ही गोष्ट मी पन्नासदा ऐकली होती. दर वेळी ती आप्पांच्या शौर्याची म्हणून ऐकली होती. पाणी कुणी दिलं याकडे माझं पहिल्यांदाच लक्ष गेलं. मी पत्ता भरला, खोलीच्या नंबरासकट.

अर्ज गेल्याबरोबर पुसण्याची मुदत थांबली. एवढ्यानंच मला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. पण चॅनल अजून झाकलेलंच होतं. ठरलेल्या मुदतीत कंपनी कोर्टात गेली नाही तर ते परत मिळणार होतं, गेली तर काय हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत मी दुपारी बायकांत बसून पुस्तक स्वतःच वाचून दाखवलं. माझ्या मोबाइलवरच्या आवाजाला त्यांनी कधी अडवलं नव्हतं, मला मात्र ओळीओळीला अडवू लागल्या. “हे मी असं बोललेच नव्हते,” एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, “माझ्या सासूला तू फारच चांगलं लिहिलंस, पैसे दिले का तिनं?” एका वहिनीनं खडे लावत लावत विचारलं, “ती कंपनीवाली बाई आपली भाषा कशी बोलते?” मी नक्कल करून दाखवली. सगळ्या हसल्या. माय हसली नाही. ती भिंतीकडे पाठ करून बसत होती, मावशीच्या खोलीच्या भिंतीकडे.

एका सकाळी मेल आला, तीन ओळींचा. तक्रारदारांनी तिन्ही तक्रारी मागे घेतल्या आहेत, आपलं चॅनल पूर्ववत करण्यात आलं आहे. कारण काही दिलं नव्हतं. मी तो मेल उभ्यानं वाचला, मग ओट्यावर बसून वाचला. मी रडले असं माय सगळ्यांना सांगते. मला तसं आठवत नाही.

कंपनी अजूनही माझं पुस्तक वर्गणी घेऊन ऐकवते. तो शब्द मी गाळला होता आणि त्याचं फळ मला भोगावंच लागेल. त्या बाईनं अहिराणी जरा सुधारावी एवढीच माझी इच्छा आहे. फोनवरच्या मुलीला मी मेल करून माफी मागितली. तिचं उत्तर आलं नाही. पुस्तकाची किंमत मी काढलेली नाही. शेवटचं पान मात्र बदललं: वाचा, वाचून दाखवा, छापा, फुकट पुढे द्या. पहिल्या पानावर किंमत आणि शेवटच्या पानावर फुकट. हसायचं त्यांनी हसावं. ज्याला परवडतं तो किंमत भरतो, आणि त्यानं ते पुढे शंभर जणांना फुकट दिलं तर मला आनंदच आहे. आप्पांना हे पूर्ण पटलेलं नाही. आमचं त्यावर भांडण चालू आहे, कागदावर.

मेल आला त्या दिवशी दुपारी मायनं मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि मावशीला लावलं. सुरुवातीला नुसती खरखर, मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आणि मग मावशी, अगदी जवळून, जरा संशयानं: “हाई चालू शे का बंद?”

बायका खिदळल्या. माय साडी बाजूला सारून तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ते नुसतं हसणं नव्हतं. दारात आप्पा उभे होते. सगळ्यांची तोंडं बघून त्यांनी हात पुढे केला. काय म्हणते ती?

मी पत्रकाच्या पाठीवर लिहून दिलं. त्यांनी ते पेन्सिल सरकवत वाचलं आणि मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं, मोबाइलकडे बघून म्हणाले, “चालू शे, चालू शे! बोल तू!”

“हळू ना,” मायनं हातानं खूण केली. तिनं डोळे पुसले, खड्यांची डबी जवळ ओढली आणि मला म्हणाली, “आते पुढलं लाव.”